सात वाटा आणि एक फरशी

सोमवार, ४

माझ्या धाकट्या बहिणीची वाचा परवा, शनिवारी, सकाळी साडेनऊ वाजता गेली, म्हणून मी ही वही लिहायला घेतली आहे. दुसरं कारण नाही. दैनंदिनी लिहायची हौस मला कधीच नव्हती. कॉलेजात मैत्रिणी लिहायच्या आणि एकमेकींना वाचून दाखवायच्या. मला तो रिकामटेकडेपणा वाटे. अजूनही वाटतो. पण धाकटी बरी होऊन घरी आली की पहिला प्रश्न विचारेल, "ताई, मी नसताना काय काय करून ठेवलंस?" तेव्हा तोंडी उत्तराने भागणार नाही. एकतीस वर्षं मी कारखान्याचं भांडार सांभाळलं. ज्याची नोंद नाही ती वस्तू आलीच नाही, असं मानायची सवय आहे.

तर नोंद. पक्षाघाताचा झटका. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा गेली. डावा हात शाबूत. तिला सगळं समजतं, असं डॉक्टर म्हणतात.

पुढच्या आठवड्यात बुधवारी, १३ तारखेला, परदेशातून नाचणाऱ्यांची एक मंडळी येते आहे. नऊ माणसं. आधी शिबिर, मग २० आणि २१ला नाट्यगृहात दोन प्रयोग. धाकटीने वर्षभर पत्रं लिहून, फोन करून हे जुळवून आणलं. प्रयोगातला शेवटचा नाच दोन्ही बाजूंचा मिळून आहे. पूर्वार्ध पाहुण्यांनी बसवलाय, उत्तरार्ध धाकटीने, तिच्या वर्गातल्या सात मुलींवर. तीस वर्षं ती नाच शिकवते, पण स्वतःचा म्हणावा असा हा एकच, असं ती म्हणायची. म्हणते.

दवाखान्यात तिने डाव्या हाताने माझं मनगट धरून ठेवलं. मी म्हटलं, "पाहुण्यांचं मी बघते. तू मुकाट्याने पडून राहा." तरी सोडेना. शेवटी नर्सने सोडवलं.

तिचा एकही कार्यक्रम मी पाहिलेला नाही. हेही लिहून ठेवते. वेळ झाला नाही.

मंगळवार, ५

वर्गाची किल्ली घेऊन गेले. जुन्या छापखान्याच्या वरची लांबरुंद खोली, काळ्या फरशीची. काय ती अवस्था! खिडक्यांच्या काचांवर बोटभर धूळ, कोपऱ्यात पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, आणि फरशीभर रंगीत खडूच्या रेघोट्या. लाल, पिवळ्या, निळ्या, एकात एक गुंतलेल्या, मधे मधे आकडे. मधल्या सुट्टीत पोरांनी मांडून ठेवावं तसं.

परदेशचे पाहुणे या खोलीत पाय ठेवणार! दोन बायका लावल्या. साबणाचं पाणी, घासणी, कोरडं फडकं, पुन्हा एकदा पाणी. खडू फरशीत मुरला होता; तीन तास लागले. मी उभी राहून करून घेतलं. संध्याकाळी फरशी अशी झाली की तोंड बघून घ्यावं.

धाकटीला सांगितलं, "वर्ग चकाचक केलाय. फरशीवर डाग म्हणून ठेवला नाही." ती माझ्याकडे बघतच राहिली. दमली असावी. मी निघेपर्यंत डोळे मिटले नाहीत.

बुधवार, ६

आज टोळ आली. टोळ म्हणजे धाकटीची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी. सव्वीस वर्षांची, औषधांच्या दुकानात अर्धा दिवस कामाला. पाय लांब आणि उडी मोठी म्हणून हे नाव पडलं. तीही त्याच नावाला ओ देते.

दाराशी चपला काढून आत आली आणि खोलीच्या मधोमध थांबली.

"मोठ्या बाई, फरशी कुणी पुसली?"

"मी पुसून घेतली. का?"

ती खाली बसली. पडलेला चष्मा चाचपडत शोधावा तसे दोन्ही तळहात फरशीवर फिरवायला लागली.

"अगं, हरवलंय काय तुझं?"

"मोठ्या बाई, तो नाच होता."

मी म्हटलं, नाच नाच असतो, फरशीवर कसा असेल? तेव्हा तिने सांगितलं, आणि आता मी जसंच्या तसं लिहिते, कारण लिहिल्याशिवाय माझ्या डोक्यात हे मावत नाही.

धाकटी सातही मुलींना एकत्र शिकवत नाही. एकीला आत घेते, बाकीच्यांना बाहेर काढते. प्रत्येकीला फक्त तिची वाट माहीत. लाल टोळची, पिवळी दुसरीची, अशा सात. नाच दोनशे आठ मात्रांचा. कितव्या मात्रेला कुठे वळायचं, किती मोजून थांबायचं, हे प्रत्येकीने पायाखालचा आकडा बघून करायचं. शेवटच्या आठ-दहा दिवसांत सगळ्यांना एकत्र सोडायचं. "समोरून कोण येणार हे आधी ठाऊक असलं की चेहरा तयार करून ठेवता तुम्ही. मला तयार चेहरे नकोत," असं म्हणे धाकटी. म्हणून पूर्ण नाच दोनच ठिकाणी होता. एक तिच्या डोक्यात, एक फरशीवर.

"फोटो असेल."

"वर्गात फोन कुठे नेतो आम्ही? दाराशी पत्र्याचा डबा आहे ना."

तो डबा मीच कारखान्यातून आणून दिला होता. झाकणावर "फोन येथे ठेवावेत" हे माझ्याच अक्षरात आहे.

"मग वहीत लिहिलं असेल कुठेतरी."

"बाई वही ठेवत नाहीत," टोळ म्हणाली. "त्या म्हणतात, आमच्या घरात वह्यांवर ताईचा हक्क आहे."

शुक्रवार, ८

मुलींना बोलावून घेतलं. म्हटलं, प्रत्येकीने आपापलं आठवेल तसं करा, मी लिहून घेते. तिघी एकाच जागी येऊन उभ्या राहिल्या आणि तिघीही म्हणाल्या, ही जागा माझी. पुढच्या खेपेला दोघी एकमेकींवर आदळल्या. सगळ्यात लहान मुलीच्या हनुवटीला लागलं. पावलं आठवतात, पण कुठून निघायचं आणि कुठे किती थांबायचं ते आठवत नाही. तीच मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, "आम्ही पाठ नव्हतं केलं हो, वाचत होतो." कोणी मला काही बोलत नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या गेल्यावर दार लावून घेतलं आणि बॅटरी घेऊन गुडघ्यांवर सगळी फरशी तपासली. कपाटाखाली एक निळा आकडा सापडला. ११२. तिथवर त्या बायकांचा हात पोचला नव्हता. त्या दिवशी दिसला असता तर मी त्यांना कामचुकार म्हटलं असतं. आज त्यांचे पाय धरावेसे वाटले.

एकशे बारा म्हणजे काय, कुणाचं, कुठून कुठे, कोणालाच सांगता येत नाही.

रविवार, १०

धाकटीला फरशीचं सांगितलेलं नाही. चकाचक म्हणाले होते, खडूचा शब्द काढला नव्हता. तिला कळलेलं नाही, हे एक बरं. या अवस्थेत धक्का नको.

तिच्या डाव्या हाताला मात्र चाळा लागला आहे. मंगळवारपासूनचाच. दिवसभर पांघरुणाला चुण्या पाडत असते. चिमटीत धरते, ओढते, सोडते. मी नीट करते, ती पुन्हा पाडते. आज चार वेळा पांघरूण ताणून खोचलं. चौथ्या वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी नर्सला म्हटलं, दुखत असेल, गोळी द्या.

नर्स म्हणाली, "अहो, पाडू द्या ना सुरकुत्या. तुम्हाला काय इस्त्री करून परत करायचंय?"

उद्धट आहे. पण हात हलका आहे तिचा.

मंगळवार, १२

सगळं रद्द करावं, असं ठरवून पत्र लिहिलं. चार ओळींचं. "अपरिहार्य कारणास्तव." मग दुभाष्याला फोन केला. हा गृहस्थ पाहुण्यांची भाषा जाणतो, धाकटीनेच शोधलेला; तिची पत्रं आणि फोन त्याच्यामार्फतच व्हायचे. म्हणाला, "आता कुणाला पाठवताय पत्र? ते विमानात बसलेत."

पत्र वहीत ठेवलं आहे. कारण अपरिहार्य नव्हतं, हेही इथे लिहिते.

बुधवार, १३

आले. नऊच्या नऊ. मुख्य बाई साठीच्या, केस कापलेले, पायात मोजे नाहीत. वर्गात शिरल्या शिरल्या त्यांनी फरशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा फरशीकडे. वर्षभर फोनवर धाकटीने त्यांना त्या फरशीचं सांगितलेलं असणार. मी खिडक्यांचे पडदे दाखवले.

गुरुवार, १४

शिबिराचा पहिला दिवस. पस्तीस माणसं आली. शिंपी, कारकून, दोन नर्सा, शाळेतल्या पोरी. धाकटीने दारोदार फिरून नावं घेतली होती. पाहुण्यांची पद्धत अशी, की आधी स्वतः काही शिकवत नाहीत. प्रत्येकाने आपल्या कामातली एक हालचाल करून दाखवायची, मग सगळ्यांनी ती शिकायची. शिंप्याने सुईत दोरा ओवला, नर्सने पट्टी गुंडाळली. मग मुख्य बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

मी म्हटलं, मी व्यवस्थेला आहे. दुभाष्याने ते त्यांना सांगितलंच नाही बहुतेक, कारण त्या हलेनात. शेवटी मी पोती मोजायचे तशी मोजून दाखवली. दोन बोटं जोडून प्रत्येक पोत्याला एकदा टेकवायची, ओठांतल्या ओठांत आकडा, पुढे. झालं. त्या नऊ जणांनी रांगेत उभं राहून ते केलं. दोन बोटं, पुढे. दोन बोटं, पुढे. एकतीस वर्षांची नोकरी त्यांनी चार मिनिटांत शिकून घेतली.

दुपारी सगळे पांगल्यावर मी मुख्य बाईंना खरं सांगितलं. दुभाष्याला बजावलं, "एक शब्द गाळायचा नाही." फरशी, साबण, तीन तास, सगळं. माझा आवाज चढला असावा, कारण तो म्हणाला, "जरा हळू, मला पण श्वास लागतो."

ऐकून त्या बाई खूप वेळ बोलल्या. हातवारे करून. दुभाष्याने माझ्याकडे वळून सांगितलं, "उद्या दवाखान्यात जाऊ म्हणतात."

"एवढं बोलल्या आणि एवढंच?"

"मधे एक शिवी होती. तुम्हाला नव्हती. नशिबाला होती."

शुक्रवार, १५

हे नीट लिहायला हवं.

मुख्य बाई धाकटीच्या पलंगाशी बसल्या. दोघी पहिल्यांदाच समोरासमोर भेटत होत्या. एकीला बोलता येत नाही, दुसरीची भाषा दुभाष्याशिवाय कोणाला येत नाही. पांघरुणावर नेहमीसारख्या चुण्या होत्या. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही म्हणून मी पांघरूण ओढायला गेले. मुख्य बाईंनी माझा हात धरला. चांगला घट्ट.

मग त्यांनी बोटाने चुण्या मोजल्या.

सात.

धाकटीचा डावा हात एका चुणीच्या टोकाशी गेला, तिच्यावरून सरकत सरकत मधे आला, थांबला, बोटाने टकटक केलं, आठ वेळा, आणि वळला. मुख्य बाईंच्या तोंडून "आ" असा आवाज निघाला. त्याला दुभाष्या लागला नाही.

अकरा दिवस. अकरा दिवस ती तो नाच पुन्हा मांडत होती आणि मी रोज येऊन ताणून खोचत होते.

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. रडले नाही, कामं होती. टोळला दुकानातून बोलावून घेतलं. घरी जाऊन बटणांचा डबा आणला आणि त्यातून सात रंगांची सात बटणं निवडली. लाल, पिवळं, निळं, पांढरं, हिरवं, तपकिरी, काळं. ती पांघरुणावर ठेवली तेव्हा धाकटीने माझ्याकडे पाहिलं. झटका आल्यापासून पहिल्यांदा तिचा चेहरा हसल्यासारखा झाला. अर्धाच, पण झाला.

आज चाळीस मात्रा मिळाल्या.

रविवार, १७

काल आणि आज मिळून आणखी एकशे चार मात्रा, म्हणजे एकूण एकशे चव्वेचाळीस हाताशी. पद्धत बसली आहे. धाकटी बटण सरकवते, टोळ मात्रा मोठ्याने मोजते, मी लिहून घेते: मात्रा, रंग, कुठून, कुठे, किती थांबला. भांडारातल्या नोंदवहीसारखेच रकाने आखले आहेत. आवक, जावक, शिल्लक. टोळ म्हणाली, "मोठ्या बाई, हे तर आमच्यापेक्षा तुम्हालाच लवकर जमलं." तोंड फटकळ आहे पोरीचं.

एकदा धाकटीने काळं बटण उचलून पांढऱ्यावरच ठेवलं. टोळ दचकली. "बाई, आम्ही एकमेकींच्या अंगावर? हे तर आम्हाला..." धाकटीचे डोळे चमकत होते. हेच ते, आधी न सांगितलेलं.

११२ची जागाही सापडली. निळीने तिथे कपाटाकडे पाठ करून उभं राहायचं. बस्स.

डॉक्टर भेटले. मेंदूचा फोटो पुन्हा काढला आहे. म्हणाले, "आता औषधं बदलण्यात अर्थ नाही. त्यांना जे आवडतं ते करू द्या." एकदाचा एक शहाणा डॉक्टर भेटला. औषधं बदलायची नाहीत, म्हणजे आहेत ती लागू पडतायत. मी विचारलं, घरी कधी नेऊ? ते म्हणाले, "केव्हाही न्या, तुमची इच्छा." मी त्यांना म्हटलं, प्रयोग आटोपले की पंचवीस तारखेला नेते. त्यांनी मान हलवली.

पंचवीसला पलंग खिडकीशी घ्यायचा. सुताराला सांगायचं.

सोमवार, १८

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी दुसरा झटका. एकशे साठाव्या मात्रेला. लाल बटण तिच्या बोटांखाली होतं. टोळ "एकशे साठ" म्हणाली, आणि पुढे मोजायला धाकटीचा हात हललाच नाही.

शुद्ध आहे की नाही, सांगता येत नाही म्हणतात.

अठ्ठेचाळीस मात्रा राहिल्या. नर्सने चादर बदलायला घेतली तेव्हा मी तिच्या अंगावर ओरडले. पांघरूण तसंच ठेवून खालची चादर कशीबशी काढली तिने.

मंगळवार, १९

वर्गात तालीम. एकशे साठपर्यंत मुली धावल्या, वळल्या, एकमेकींच्या अंगावर आल्या, आणि मग जिथल्या तिथे उभ्या. संगीत पुढे वाजत राहिलं. अठ्ठेचाळीस मात्रा हा फार मोठा वेळ असतो. मी उभी राहून मोजला.

मी म्हटलं, "एकशे साठला संगीत बंद करा, पडदा पाडा. लोकांना काय कळतंय?"

मुख्य बाई नाही म्हणाल्या. दुभाष्याने सांगितलं, "त्या म्हणतात, जे मिळालं नाही तेही तुमच्या बहिणीचंच आहे. कापायचं नाही."

"मग त्या जागी तुम्हीच बसवा काहीतरी. तुम्ही एवढ्या मोठ्या, जगभर फिरलेल्या."

या वेळी त्या फार थोडं बोलल्या आणि दुभाष्याला सांगायला वेळ लागला. "त्या म्हणतात, दुसऱ्याच्या घरात भांडी कुठे ठेवायची ते मी नाही ठरवणार."

"लोक म्हणतील, पोरी विसरल्या."

यावर टोळ माझ्याकडे वळली. "म्हणू देत ना, मोठ्या बाई. विसरलो नाही हे आम्हाला माहीत आहे. तुम्हाला माहीत आहे." जरा थांबून म्हणाली, "फरशीला पण माहीत आहे."

तिला टोमणा मारायचा नव्हता. मला लागला, तो भाग वेगळा.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, घरच्यांना बोलावून घ्या. मी म्हटलं, घरची मीच. आणखी कोणाला बोलावू?

बुधवार, २०

पहिला प्रयोग, सायंकाळी पाचचा. मी पडद्याशेजारी, हातात नोंदवही घेऊन उभी होते. एकशे साठला सातही जणी थांबल्या. सभागृहात आधी शांतता, मग खोकले, मग कुजबुज. एकजण मोठ्याने म्हणाला, "संपलं का?" कोणीतरी हसलं. मुली हलल्या नाहीत. सगळ्यात लहान मुलीची हनुवटी थरथरत होती, त्या दिवशीच्या माराने अजून काळीनिळी आहे ती. टाळ्या पडल्या, पण त्या सुटका झाल्याच्या होत्या. माझ्या कानाला फरक कळतो.

तिथून सरळ दवाखान्यात. सव्वासात वाजले होते. नर्स म्हणाली, बसा त्यांच्याजवळ. खुर्ची तिनेच ओढून दिली.

मी धाकटीचं पांघरूण सैल केलं आणि स्वतःच्या हाताने सात चुण्या पाडल्या. वहीत बघून. मग बटणं ठेवून सगळा नाच तिच्या डाव्या हाताजवळ चालवून दाखवला. पहिल्यापासून, मोजत. मधे एकदा काळं आणि पांढरं चुकलं, पुन्हा मागून केलं. एकशे साठला थांबले. लाल बटण तिच्या बोटांशी आलं होतं.

मग मी तिला सांगितलं. "फरशी मी पुसली. मला वाटलं घाण आहे. तीस वर्षांत एकदाही मी आत येऊन बघितलं असतं तर मला कळलं असतं की ती घाण नाही." एवढंच म्हणाले. आणखी बोलायचं होतं, पण मला बोलायची सवय नाही.

काही वेळ गेला. मग तिच्या डाव्या हाताची दोन बोटं बटणावर आली आणि लाल बटण सरकलं. मी बसले होते त्या बाजूला. दोन बोटं अंतर.

नर्सला दाखवलं. ती म्हणाली, असे हात आपोआप हलतात हो कधी कधी. असेल. मी एकतीस वर्षं भांडारात होते. वस्तू आपोआप सरकत नाहीत.

गुरुवार, २१

सकाळी टोळ आली तेव्हा तिला सांगितलं.

"किती सरकलं?"

"दोन बोटं. म्हणजे तुमच्या फरशीवर दोन पावलं होतील."

"कुठल्या बाजूला?"

"मी बसले होते तिकडे."

टोळने वही घेतली, पाहिली, परत दिली. "कितव्या मात्रेला?"

"ते मोजलं नाही. मी मोजायला विसरले."

ती बघत राहिली. "मोठ्या बाई, तुम्ही?" मग म्हणाली, "आज प्रयोगाला तुम्ही कुठे बसणार?"

मी म्हटलं, मला बसायला कुठे वेळ आहे? मी आज धाकटीजवळ राहणार. पण दुपारी डॉक्टर स्वतःच म्हणाले, जाऊन या, पण लवकर या. नर्स म्हणाली, "मी आहे ना. चुण्यांना हात लावणार नाही." म्हणून गेले. पहिल्या रांगेत, डावीकडून चौथी खुर्ची. हातात वही नव्हती.

नाच मी बघितला. त्याबद्दल लिहिता येत नाही. धाकटीला काय काय येत होतं, एवढंच लिहिते.

एकशे साठला सगळ्या थांबल्या. पुन्हा ती शांतता. मी मोजत होते आणि मोजता मोजता मला वाटलं, आता कोणीतरी हसणार. तेवढ्यात टोळ हलली. बाकी सहा जणी दगडासारख्या. तिने माझ्याकडे तोंड केलं आणि एक पाऊल टाकलं, थांबली, दुसरं टाकलं. चेहरा तयार केलेला नव्हता. मग तीही उभी राहिली, आणि दोनशे आठपर्यंत कोणी खोकलंसुद्धा नाही.

टाळ्यांसाठी थांबले नाही. धाकटीला जाऊन सांगितलं, "दोन पावलं टाकली. बरोबर तुझ्या मापाने." तिचा हात माझ्या हातात होता. हलला नाही.

शनिवार, २३

धाकटी काल सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी गेली. मी जवळ होते.

आता समजतं, डॉक्टर रविवारी काय म्हणत होते. त्यांनी साधे शब्द वापरले होते. मीच ते माझ्या सोयीने वाचले.

सुताराला नको म्हणून कळवलं.

पाहुणे आज गेले. निघताना मुख्य बाईंनी दाराशी थांबून दोन बोटं जोडली आणि माझ्या खांद्याला एकदा टेकवली, पोत्याला टेकवावी तशी. बाकीच्या आठांनीही तेच केलं, रांगेने. दुभाष्या म्हणाला, "याचं भाषांतर मला येत नाही."

मी म्हटलं, "गरज नाही."

गुरुवार, २८

मुली रोज वर्गात जातात. माझी नोंदवही बघून त्यांनी फरशीवर सातही वाटा पुन्हा काढल्या आहेत, रंगीत खडूने, एकशे साठपर्यंत. त्यापुढे फक्त लाल, दोन पावलं. उरलेली फरशी काळी आहे. मी आज पहिल्यांदा चपला काढून आत गेले आणि भिंतीच्या कडेकडेने चालले.

वर्ग यापुढे टोळ चालवील. तिने विचारलं, "मोठ्या बाई, तुम्ही व्यवस्थेला राहाल ना?" मी म्हटलं, विचार करते. ती म्हणाली, "करा. सोमवारी साडेचारला या."

तिच्याकडे सोपवलेल्या वस्तू पुढीलप्रमाणे:

किल्ल्या, दोन. एक दाराची, एक कपाटाची. कपाट हलवू नये, खाली आकडा आहे.

हजेरीपट, एक.

पत्र्याचा डबा, झाकणासह, एक. झाकणावरचा मजकूर खरवडून काढला आहे.

बटणं, सहा. सातवं, लाल, धाकटीबरोबर गेलं.

नाचाची नोंदवही, एक. मात्रा १ ते १६० पूर्ण. १६१ ते २०८ रकाने आखलेले, रिकामे. त्यात एकच नोंद, वेळ लिहिलेली नाही.

ही वही, एक. हिच्यात एक न पाठवलेलं पत्र आहे, ते तसंच राहू द्यावं. पुढची पानं कोरी आहेत, तिने वापरावीत.

फरशी. जशी आहे तशी. पुसू नये.

देणार: मोठी बहीण.
मिळालं: टोळ.